सह्याद्रीच्या वाटांसाठी माउंटन बाइक स्वतः कशी बांधावी

परवडणाऱ्या दरात माउंटन बाइक म्हणून मिळणाऱ्या बहुतेक सायकली डांबरी रस्त्यावर आणि सपाट कच्च्या वाटेवर छान चालतात. तीच सायकल पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या सुट्या खडीच्या उतारावर नेली की तिच्या मर्यादा कळतात. पुढचं चाक धरणारा फोर्क फार उभा असतो, त्यामुळे उतारावर सगळा तोल पुढे जातो. स्प्रिंगचं सस्पेन्शन दगडावर धाडकन तळाला टेकतं. टायर अरुंद आणि आत ट्यूब, म्हणजे बाभळीचा पहिला काटा लागला की पंक्चर. अशी सायकल घेऊन तिचे भाग एकेक करून बदलणं शेवटी महाग पडतं, कारण फ्रेमची मापं काही केल्या बदलत नाहीत. ज्याला ट्रेलवरच जायचं आहे त्याने फ्रेमपासून सुरुवात करून सायकल बांधावी, असं माझं ठाम मत आहे.

माउंटन बाइकचा जन्मही असाच जमवाजमवीतून झाला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण जुन्या, जाड टायरच्या श्विन सायकलींना मिळतील ते भाग लावून माउंट टॅमलपायसच्या परिसरातले मातीचे उतार उतरायचे. १९७७ मध्ये जो ब्रीझने या कामासाठी खास फ्रेम बनवली, १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी अशा सायकली विकायला सुरुवात केली. मोठ्या प्रमाणावर तयार झालेली स्पेशलाइज्ड स्टम्पजम्पर त्यानंतर, १९८१ मध्ये आली.

आधी वाट ठरवा

कुठे चालवणार हे ठरल्याशिवाय एकही भाग विकत घेऊ नका. सह्याद्रीत पायाखाली काळा बेसॉल्ट असतो. उन्हाळ्यात त्यावर मुरूम आणि गोटे पसरलेले असतात, पावसाळ्यात त्याच कातळावर शेवाळ धरतं. इथल्या पाऊलवाटा माणसांनी आणि गुरांनी पाडलेल्या आहेत, सायकलीसाठी वळणं देऊन आखलेल्या नाहीत, त्यामुळे चढ थेट अंगावर येतो. इथे लागतो तो अगदी हलका गिअर, रुंद टायर आणि बोटाच्या इशाऱ्यावर कमी-जास्त होणारा ब्रेक. कोकणातल्या सड्यांवर जांभा दगड मिळतो. कोरडा असताना पकड उत्तम, पण त्याच्या धारदार कडा टायरच्या बाजू कापतात. (सड्यावर जाणार असाल तर कातळशिल्पं कुठे आहेत ते गावात विचारून घ्या आणि त्या भागात चाक अजिबात नेऊ नका. शहरातल्या टेकड्यांवर पायी फिरणाऱ्याला आधी वाट द्या.)

अशा वाटांसाठी पहिली सायकल हार्डटेल असावी, म्हणजे पुढे सस्पेन्शन आणि मागे सरळ फ्रेम. मागच्या सस्पेन्शनमध्ये बरीच बेअरिंग असतात, त्यात पावसाळ्याचा चिखल जातो, शॉकची सर्व्हिसिंग करणारा माणूस प्रत्येक गावात नसतो. तेवढ्याच पैशात हार्डटेलला कितीतरी चांगला फोर्क आणि ब्रेक लागतो.

फ्रेम

सीट ट्यूबवर लिहिलेल्या एस, एम, एल वर जाऊ नका. पाहायचं माप म्हणजे रीच: बॉटम ब्रॅकेटच्या (जिथे पायडलचे दांडे फिरतात तो भाग) मध्यापासून हेड ट्यूबच्या (फोर्क आत शिरतो ती फ्रेमची पुढची नळी) माथ्यापर्यंतचं आडवं अंतर. उभं राहून चालवताना तुम्हाला किती जागा मिळते ते यावरून कळतं, आणि ट्रेलवर उतार नेहमी उभ्यानेच उतरायचा असतो. उंची १६५ ते १७० सेंटिमीटर असेल तर ४२० ते ४४० मिलिमीटर, १७० ते १७८ असेल तर ४४० ते ४६० आणि त्याहून उंच माणसाला ४६० ते ४८० अशी रीच साधारण बसते.

दुसरं माप हेड अँगल, म्हणजे हेड ट्यूब जमिनीशी करते तो कोन. ६५ ते ६७ अंश हवा. जुन्या क्रॉसकंट्री फ्रेमचा ७० च्या आसपास असतो, तिथेच सायकल उतारावर डोक्यावर पडायला बघते. अशा फ्रेमला नुसता लांब फोर्क लावून काम भागेल असं वाटतं, पण फोर्क २० मिलिमीटरने वाढवला तर अँगल जेमतेम १ अंशाने झोपतो, वर हँडल आणि बॉटम ब्रॅकेट दोन्ही उचलले जातात आणि हेड ट्यूबवर ताण वाढतो. कंपनीने सांगितलेल्या कमाल ट्रॅव्हलच्या, म्हणजे फोर्क दबण्याच्या अंतराच्या पुढे जाऊ नका. सीट अँगल, म्हणजे सीटच्या नळीचा कोन, ७४ ते ७६ अंश असावा. जितका उभा, तितकं चढावर पुढचं चाक जमिनीला टेकून राहतं.

ॲल्युमिनियम किंवा क्रोमोली स्टील, दोन्ही चालतं. स्टील थोडं जड, पण हाडांना सोपं, आणि वाकलं-तुटलं तर जोडता येतं. कार्बनची जुनी फ्रेम स्वस्तात मिळाली तरी पहिल्या बांधणीसाठी घेऊ नये, आतली इजा डोळ्यांना दिसत नाही. जुनी ॲल्युमिनियम फ्रेम घेत असाल तर ती पुसून, उन्हात धरून हेड ट्यूब आणि डाउन ट्यूबचा सांधा, सीट ट्यूबचं तोंड आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या चेनस्टे नळ्यांचे सांधे पाहा. रंगात केसासारखी रेघ दिसली की ती फ्रेम सोडून द्या.

कागदावर सायकल पूर्ण करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. फ्रेम ठरली की तिच्या माहितीपत्रकातून पुढची मापं वहीत उतरवा आणि प्रत्येक भाग घेताना ती वही समोर ठेवा.

मागच्या ॲक्सलचं, म्हणजे चाकाच्या आसाचं माप: आजच्या ट्रेल फ्रेमवर बहुधा १४८ बाय १२ मिलिमीटर, म्हणजे बूस्ट. थोड्या जुन्या फ्रेमवर १४२ बाय १२. फोर्कचं ॲक्सल: ११० बाय १५ की जुनं १०० बाय १५. हब, म्हणजे चाकाचे मधले भाग, याच मापाचे लागतात, इथे जुगाड चालत नाही. हेडसेटची (फोर्क ज्यांवर वळतो त्या बेअरिंगची) मापं हेड ट्यूबच्या आतल्या व्यासावरून ठरतात, उदाहरणार्थ वर ४४ आणि खाली ५६ मिलिमीटर, आणि अशा फ्रेमला खाली रुंद, वर निमुळती स्टिअरर ट्यूब (हेड ट्यूबमधून वर येणारी फोर्कची नळी) असलेला फोर्क बसतो. बॉटम ब्रॅकेट आट्यांचा, ७३ मिलिमीटर रुंदीचा असेल तर उत्तम. ठोकून बसवायचे प्रेसफिट प्रकार आपल्या पावसाळ्यानंतर कुरकुरायला लागतात, म्हणून आट्यांची फ्रेम मिळत असेल तर तीच घ्या. ड्रॉपर पोस्टसाठी (चालवताना खाली-वर करता येणारा सीटचा दांडा) सीट ट्यूबचा आतला व्यास, ३०.९ की ३१.६, आणि केबल आत शिरायला भोक आहे की नाही. ब्रेकच्या माउंटला थेट किती मोठा रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, बसतो आणि कितीला ॲडॉप्टर लागतो.

चुका सर्वात जास्त होतात त्या फ्रीहबवर, म्हणजे मागच्या हबच्या ज्या भागावर कॅसेट (गिअरच्या चकत्यांचा संच) चढते तिथे. शिमानो कंपनीच्या डिओर गिअरसंचातली १२ स्पीडची १० ते ५१ दात्यांची कॅसेट मायक्रोस्प्लाइन प्रकारच्या फ्रीहबवरच बसते. त्याच डिओरच्या ११ स्पीडची ११ ते ५१ ची कॅसेट जुन्या एचजी प्रकारच्या फ्रीहबवर बसते. चाकं आधी घेतली आणि कॅसेट नंतर, तर हमखास इथे अडकाल.

पैसा कुठे घालायचा

फ्रेमनंतर फोर्क, टायर, ब्रेक, या क्रमाने. गिअर सर्वात शेवटी. दुकानदार मात्र बहुतेकदा गिअरच्या नावावरच सायकल विकतात.

फोर्क हवेचा घ्या, १२० ते १४० मिलिमीटर ट्रॅव्हलचा, नळ्यांचा व्यास ३४ किंवा ३५. हवेच्या फोर्कमध्ये तुमच्या वजनानुसार दाब भरता येतो. जुना फोर्क घेताना स्टिअरर ट्यूब किती लांब उरली आहे ते आधी विचारा, आखूड असेल तर उरलेलं सगळं व्यर्थ.

चाकं २९ इंची, रिमची आतली रुंदी ३० मिलिमीटर, ३२ आरे. टायर पुढे २.४ इंच, मऊ रबराचा, खोल गाठींचा. मागे २.३ किंवा २.४, जरा कडक आणि कमी घासणारा. पुढचा टायर निसटला तर माणूस पडतो, मागचा निसटला तर सायकल फक्त शेपूट हलवते, म्हणून चांगला टायर कायम पुढे. आणि दोन्ही ट्यूबलेस. बाभळी-बोरीच्या प्रदेशात याला पर्याय नाही.

ब्रेक हायड्रॉलिक, पुढे चार पिस्टनचा कॅलिपर (रोटर दाबणारा भाग) आणि १८० चा रोटर. शिमानो एमटी४२० सारखा साधा सेटही आपल्या उतारांना पुरतो. शिमानोत मिनरल ऑइल असतं, स्रॅमच्या अनेक ब्रेकमध्ये डॉट ५.१ हे वेगळ्या जातीचं तेल. एकाचं तेल दुसऱ्यात गेलं तर आतले सील खराब होतात. मागवताना आणखी एक पाहा: आपल्याकडे मोटारसायकलप्रमाणे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, पण अनेक सेट उलट जोडून येतात आणि होजची लांबीही त्यानुसार असते.

गिअर पुढे एकच, ३० दात्यांचा. मागे ५१ दात्यांच्या चकतीवर पायडलचा एक फेरा मारला की २९ इंची चाक साधारण १.४ मीटर पुढे जातं, ४६ च्या चकतीवर १.५. हा फरक छोटा वाटतो, पण अंगावर येणाऱ्या चढाला तेवढ्यासाठी उतरून ढकलावं लागतं.

हँडलबार ७६० ते ७८० मिलिमीटर, तो धरणारा स्टेम ३५ ते ५०. ड्रॉपर पोस्ट चैन समजू नका. हँडलवरचा लिव्हर दाबून सीट १५० मिलिमीटर खाली गेली की उतारावर शरीर मागे आणि खाली नेता येतं, त्याशिवाय फ्रेमच्या चांगल्या मापांचा निम्मा उपयोग वाया जातो.

जोडणी

ॲलन कींचा संच, टी२५ (ताऱ्याच्या तोंडाचा पाना), टॉर्क रेंच, बॉटम ब्रॅकेटचा पाना, कॅसेटचा पाना, चेन तोडायचं हत्यार, केबल कटर, ग्रीस, आणि सायकल उचलून धरणारा स्टँड. हेडसेटचे कप दाबून बसवणं आणि मागचे गिअर बदलणाऱ्या डिरेलरचा हँगर (तो फ्रेमला धरणारा तुकडा) सरळ करणं, ही दोन कामं चांगल्या मिस्त्रीकडूनच करून घ्या. हातोडीने ठोकलेला कप तिरका बसतो आणि फ्रेमचं तोंड कायमचं बिघडतं. नवी फ्रेम असली तरी हँगर तपासा, खोक्यातच वाकलेले येतात.

फोर्क आत घालून वर स्पेसर (अंतर राखणाऱ्या कड्या) आणि स्टेम चढवा, स्टिअरर ट्यूबवर खूण करा. पहिल्यांदा कापताना २० मिलिमीटर जास्त ठेवा, हँडलची उंची काही दिवस चालवून ठरू द्या. शेवटच्या स्पेसरच्या किंवा स्टेमच्या वरच्या कडेपेक्षा कापलेली नळी ३ मिलिमीटर खाली असली पाहिजे. मग स्टेमचे बोल्ट सैल ठेवून वरची टोपी हळूहळू आवळा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली तर हेडसेटमध्ये खडखड जाणवू नये, आणि पुढचं चाक उचललं की हँडल आपसूक बाजूला पडावं. दोन्ही जमलं की स्टेमचे बोल्ट त्यावर लिहिलेल्या आकड्याला, बहुधा ५ ते ६ न्यूटन मीटरला घट्ट करा.

बॉटम ब्रॅकेटच्या आट्यांना भरपूर ग्रीस. चेनच्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात, तो घड्याळाच्या उलट दिशेने आवळला जातो. डाव्या पायडललाही तेच. कप हाताने दोन-तीन फेरे सहज फिरला पाहिजे, जोर लागला तर थांबा, आटे चुकलेत. शिमानोसाठी ३५ ते ५० न्यूटन मीटर. क्रँकची (पायडल लागतो त्या दांड्याची) प्लास्टिकची टोपी बोटांच्या जोरापुरतीच फिरवायची, मग डाव्या क्रँकचे दोन बोल्ट आळीपाळीने १२ ते १४ पर्यंत.

रिमला टेप लावण्याआधी ती स्पिरिटने पुसून घ्या. टेप आतल्या रुंदीपेक्षा २ ते ४ मिलिमीटर रुंद, ओढून लावलेली. टायर चढवून व्हॉल्व्हची आतली कळ काढा आणि १०० ते १२० मिलिलिटर सीलंट (छिद्र आतून बुजवणारं द्रव) भरा. हवा एकदम धक्क्याने जावी लागते. त्यासाठी पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर उत्तम, फक्त व्हॉल्व्हचा छोटा ॲडॉप्टर सोबत न्या आणि टायर-रिमवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या पुढे जाऊ देऊ नका. दोन्ही बाजूंनी कड टणटणीत आवाज करून बसली की चाक फिरवून, आडवं ठेवून सीलंट सगळीकडे पोचवा.

चेनची लांबी: डिरेलरमधून न घालता चेनरिंगवरून (पुढची दातेरी चकती) मागच्या सर्वात मोठ्या चकतीवर गुंडाळा आणि कंपनीच्या पत्रकात सांगितलेल्या कड्या त्यात वाढवा. मग आधी डिरेलरचे दोन लिमिट स्क्रू (चेन टोकाच्या चकत्यांपलीकडे जाऊ न देणारे), त्यानंतर बी-स्क्रू (डिरेलर आणि चकत्यांमधलं अंतर ठरवणारा), शेवटी केबलचा ताण. शिमानोच्या १२ स्पीड डिरेलरच्या पिंजऱ्यावर बी-स्क्रूसाठी रेघ असते, ती मोठ्या चकतीच्या दात्यांच्या टोकांशी जुळवा.

कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करा, लिव्हर दाबून धरा, तसेच आवळा. रोटरला आणि पॅडला तेलकट बोट लावू नका.

पहिल्या फेऱ्या

ब्रेकचे पॅड आणि रोटर आधी एकमेकांवर घासून बसवून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्या, चाक न अडकवता चालण्याच्या वेगापर्यंत या, ब्रेक सोडा. प्रत्येक ब्रेकसाठी वीसेक वेळा.

बूट, हेल्मेट, पाण्यासकट सायकलवर उभे राहा. फोर्क १५ ते २० टक्के दबला पाहिजे, १३० च्या फोर्कला २० ते २६ मिलिमीटर. टायरचा दाब ७० किलोच्या माणसाला पुढे २० ते २२ आणि मागे २३ ते २६ पीएसआयपासून सुरू करा. दगडावर रिम ठणकली तर दोन वाढवा, खडीवर टायर उड्या मारू लागला तर एक कमी करा. मोजायला अंगठा विश्वासार्ह नाही, छोटं डिजिटल गेज घ्या.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा आणि आरे बोटांनी चाचपा. नव्या चाकातले आरे बसतात, ढिले पडतात, चाक आउट होतं, मिस्त्रीकडून एकदा आउट काढून घ्या. सीलंट उन्हाळ्यात लवकर सुकतो, दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्ह उघडून पाहा. फोर्कच्या खालच्या नळ्यांचं तेल ५० तासांनी बदला, पावसाळ्यात त्याही आधी. धुताना बादली आणि ब्रश वापरा. गाड्या धुणाऱ्यांचा प्रेशर फवारा हबवर, हेडसेटवर किंवा बॉटम ब्रॅकेटवर मारला की पाणी सीलच्या आत जातं आणि ग्रीस बाहेर येतं.