मोनाल बघायचाय? मग चोपत्याला जा आणि पहाटे उठा

मोनाल म्हणजे हिमालयातला कोंबडीसारखा पक्षी. त्याचे फोटो बघून वाटतं कुणीतरी एडिटिंगमध्ये रंग चढवलेत, पण नर खरंच तसा दिसतो, हिरवं डोकं, मानेवर तांब्याची झाक, निळी-जांभळी पाठ, वर तुरा. फक्त ऊन पाहिजे. सावलीत तोच पक्षी काळी कोंबडी वाटतो, कारण ती चमक पिसांच्या बारीक रचनेतून येते. त्यामुळे ढगाळ सकाळी दिसला तर हिरमुसू नका, ऊन येईपर्यंत थांबा.

उत्तराखंडचा हा राज्यपक्षी, नेपाळात त्यालाच डांफे म्हणतात. आपल्यासाठी सोपी जागा म्हणजे उत्तराखंडातलं चोपता. हरिद्वारहून रुद्रप्रयाग, ऊखीमठ करत गाडी जाते, पुढे तुंगनाथच्या शिवमंदिरापर्यंत साडेतीन किलोमीटरची फरसबंद वाट, मंदिर 3680 मीटरवर. मी म्हणेन एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये जा, विणीचा काळ असतो, नर उघड्यावर येऊन मिरवतात. बुरांश, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनचं झाड, तोही फुललेला असतो, तो बोनस. थंडीत हे पक्षी खाली जंगलात उतरतात.

उजाडायच्या आत वाटेला लागा, यात्रेकरू आणि खेचरं सुरू झाली की संपलं. आणि झाडावर नाही, जमिनीवर बघा हो! पहिल्या वेळी मी तासभर ओकच्या फांद्या न्याहाळत बसलो आणि हा बाबा मागच्या उतारावर निवांत चरत होता. जंगल संपून बुग्याल, म्हणजे गवताळ कुरण, सुरू होतं ना, ती कड सगळ्यात भारी. तिथे तो वाकड्या चोचीने कुदळीसारखी माती उकरून कंद आणि किडे खातो, चोच मातीने बरबटलेली, सगळा राजेशाही थाट गेला. ताजी उकरलेली माती दिसली की तिथेच बसा. सोबत तपकिरी, पांढऱ्या गळ्याची कोंबडी दिसली तर ती मादी, तिला सोडून पुढे पळू नका, नर जवळपास असू शकतो.

कपडे मळकट रंगाचे घाला, मोबाईलवर आवाज वाजवून बोलवू नका, विणीच्या दिवसात उगाच त्रास होतो त्यांना. जवळ जायचंच असेल तर खालून, हळूहळू, थांबत थांबत जा, मग तो चालत चालत वर सरकतो आणि बघायला वेळ मिळतो. वरून गेलात तर शिट्टी मारून थेट दरीत झेपावतो, पाठीवरचा पांढरा डाग आणि विटकरी शेपूट तेवढी दिसते. मग त्याच्यामागे उतरू नका, परत चढायचं आपल्यालाच असतं.