हायड्रोमीटर वाचायला शिका: आधी साखरेचं पाणी, मग बिअर

हायड्रोमीटर दिसायला साधाच असतो. पोटात छर्रे भरलेला काचेचा फुगा, त्यावर लांब बारीक मान आणि मानेच्या आत आकड्यांची कागदी पट्टी. द्रवात सोडला की उभा तरंगतो. द्रव पाण्यापेक्षा जितका जड, तितकी मान जास्त वर येते. पट्टीवरचा आकडा म्हणजे द्रव पाण्याच्या किती पट जड आहे ते; साधं पाणी म्हणजे १.०००. त्याला कळतं ते एवढंच. साखर किती, अल्कोहोल किती, बिअर तयार झाली की नाही, हे सगळं आपण त्याच्या आकड्यावरून काढायचं असतं. म्हणून ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे अशा द्रवावर हात बसवावा आणि मगच बिअरकडे वळावं, असा माझा आग्रह आहे.

ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्याला तसा दुसरा मार्गही नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे आणि ‘घरच्यापुरतंच केलंय, विकत नाही’ ही सबब चालत नाही. ब्रिटनमध्ये १९६३ साली घरगुती बिअरवरची परवान्याची अट गेली, अमेरिकेच्या संघीय कायद्याने १९७८ साली मोकळीक दिली. इथे तसं नाही. पण हायड्रोमीटर विकत घेऊन साखरेच्या पाण्यात बुडवायला कोणाची ना नाही. खालचा सराव त्याच हद्दीतला आहे. बिअरचं गणित दिलंय ते परदेशी जाणाऱ्यांसाठी, मायक्रोब्रुअरीत काम करू पाहणाऱ्यांसाठी आणि ज्यांना नुसतंच कुतूहल आहे त्यांच्यासाठी.

कोणता घ्यावा

‘बिअर-वाइन हायड्रोमीटर’ असं शोधलं की ऑनलाइन मिळतो. हातात घेऊन बघायचा असेल तर सीएसएमटीला उतरून प्रिन्सेस स्ट्रीट गाठा, तिथे प्रयोगशाळेचं साहित्य विकणारी दुकानं आहेत. मात्र दिसायला सारखी दिसणारी तीन भावंडं टाळा. दुधाचा लॅक्टोमीटर साधारण १.०४० च्या पुढे जात नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीचा हायड्रोमीटर १.१०० च्या आसपास सुरू होतो, म्हणजे आपल्याला हवा तो पट्टा त्यात नाहीच. आणि अल्कोहोलमीटर फक्त पाणी व अल्कोहोलच्या मिश्रणासाठी असतो. बिअरमध्ये साखरेचे अवशेष असतात, तिथे तो खोटंच बोलणार.

आपल्याला हवा तो ०.९९० पासून निदान १.१०० पर्यंतचा. सोबत २५० मिलीचा उंच मेजरिंग सिलिंडर, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा किचनचा वजनकाटा आणि थर्मामीटर घ्या. ताप मोजायचा नव्हे, स्वयंपाकाचा.

घरी आल्यावर आधी पट्टी नीट वाचा. ‘२० अंश सेल्सिअस’ किंवा ‘६० अंश फॅरनहाइट’ असं बारीक अक्षरात कुठेतरी छापलेलं असतं. हा हायड्रोमीटर त्या तापमानाला खरा आकडा दाखवतो. मग दोन रेघांमधलं अंतर किती ते ठरवा. काहींवर एक रेघ ०.००१ ची असते, बऱ्याच जणांवर ०.००२ ची. आणखी एक गोष्ट नवशिक्याला हमखास गोंधळात टाकते: आकडे वरून खाली वाढत जातात.

साध्या पाण्यापासून सुरुवात

सिलिंडर ओट्यावर ठेवा. त्याखाली घडी घातलेला नॅपकिन असू द्या, कारण ग्रॅनाइटवर काच टेकली की काय होतं हे सांगायला नको. सिलिंडर नळाच्या पाण्याने बराचसा भरा, वरून तीन-चार बोटं जागा सोडा. आरओचं किंवा बाटलीबंद पाणी लागत नाही. मोरबे धरणाचं असो की ठाण्याच्या नळाचं, त्यातल्या क्षारांनी आकडा एका रेघेनेही हलत नाही.

हायड्रोमीटर मानेला धरून हळूच सोडा. टाकू नका, तो तळावर आपटला तर दोन्ही जातील. चिमटीने हलकी गिरकी द्या, म्हणजे काचेला चिकटलेले बुडबुडे सुटतात. थांबल्यावर तो सिलिंडरच्या भिंतीला टेकलेला नाही ना ते बघा. आता वाकून डोळा पाण्याच्या पातळीवर आणा. मानेभोवती पाणी किंचित वर चढलेलं दिसेल. ते सोडून द्या आणि पाण्याची सपाट पातळी जिथे पट्टीला छेदते ती रेघ वाचा. बारावीच्या प्रॅक्टिकलला मास्तर ‘लोअर मेनिस्कस, लोअर मेनिस्कस’ म्हणून ओरडायचे, तेच हे.

मे महिन्यात हा प्रयोग केलात तर १.००० ऐवजी ०.९९७-९८ दिसेल आणि दुकानदाराने फसवलं असं वाटेल. फसवलेलं नाही. पाणी तापलं की विरळ होतं. हायड्रोमीटर २० अंशांचा असेल तर २५ अंशांच्या द्रवात दिसलेल्या आकड्यात ०.००१ मिळवा, ३० ला ०.००२ ते ०.००३, ३५ ला ०.००४. ६० फॅरनहाइटवाला असेल तर ३० अंशांना ०.००३ धरा. बहुतेक इंग्रजी मार्गदर्शक थंड देशांत लिहिलेले असतात, त्यांत ही दुरुस्ती कोपऱ्यात एका ओळीत उरकलेली असते. आपल्याकडे ती दर वेळी करावी लागते, म्हणून हे आकडे सिलिंडरवर चिकटवूनच टाका.

नमुना थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून २० अंशांवर आणणं हा दुसरा उपाय. पावसाळ्यात मग सिलिंडरवर बाहेरून दव जमतं आणि रेघ दिसेनाशी होते. फडकं हाताशी ठेवा.

ज्याचं उत्तर माहीत आहे असे द्रव

आता साखर. प्रत्येक वेळी एकूण वजन ३०० ग्रॅम ठेवायचं आणि पाणीही वाटीने न मापता काट्यावर तोलायचं. १५ ग्रॅम साखर आणि २८५ ग्रॅम पाणी म्हणजे ५ टक्के, आकडा यायला हवा १.०२०. ३० ग्रॅम आणि २७० ग्रॅम, म्हणजे १० टक्क्यांना १.०४०. ४५ आणि २५५ ला १.०६१. ६० आणि २४० ला १.०८३. साखर पूर्ण विरघळू द्या. तळाशी दाणे राहिले तर आकडा कमी येतो. तापमानाची दुरुस्ती करून एखाद्या रेघेच्या आत उत्तर आलं तर तुमचा डोळा आणि काटा दोन्ही ठीक आहेत.

बाजूला ब्रिक्स किंवा प्लेटो नावाची पट्टी असेल तर तिच्यावर हेच ५, १०, १५, २० दिसतील, कारण ती शंभर ग्रॅम द्रावणातली साखर ग्रॅममध्ये सांगते.

यानंतरचा प्रयोग माझा आवडता आहे आणि तो कोणी करत नाही. साखरेऐवजी १५ ग्रॅम मीठ घ्या, पाणी तेवढंच, २८५ ग्रॅम. आकडा १.०३५ च्या आसपास येईल. साखरेची पट्टी वाचलीत तर ती म्हणेल, यात जवळजवळ नऊ टक्के साखर आहे! हायड्रोमीटर काय मोजतो आणि काय मोजत नाही, ते इथे पक्कं बसतं.

मग रसवंतीवर जा. उसाचा रस बर्फ, लिंबू, आलं, मीठ काही न घालता घ्या, मलमलच्या कापडातून गाळा, फेस बसू द्या आणि लगेच मोजा, कारण आपल्या उकाड्यात तो फार वेळ टिकत नाही. ऊस कसा आहे त्यावर साधारण १.०६५ ते १.०९० दिसेल. शहाळ्याचं पाणी १.०२० च्या आगेमागे. बिअरसाठी माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) जो गोड काढा करतात, ज्याला वर्ट म्हणतात, तो साध्या बिअरला १.०४० ते १.०५० असतो. म्हणजे रसवंतीचा रस त्याच्यापेक्षा बराच गोड.

बिअरला दोन आकडे लागतात

यीस्ट घालण्याआधीचा आकडा म्हणजे ओरिजिनल ग्रॅव्हिटी, ओजी. आंबवण संपल्यावरचा तो फायनल, एफजी. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. साखर कमी होते, अल्कोहोल पाण्याहून हलकं, त्यामुळे आकडा उतरत जातो. दोहोंतला फरक गुणिले १३१.२५, हे झालं आकारमानाने अल्कोहोलचं टक्केप्रमाण. ओजी १.०४८ आणि एफजी १.०१० असेल तर फरक ०.०३८, म्हणजे ५ टक्के. एफजी सहसा १.००० पर्यंत उतरत नाही, कारण माल्टमधल्या काही शर्करा यीस्टला पचत नाहीत. बिअरला अंग येतं ते त्यांच्यामुळेच.

तापमानाचा घोळ इथे खरा नडतो. दोन्ही आकडे ३० अंशांना घेतले तर चूक दोन्हीकडे सारखीच, वजाबाकीत निघून जाते. पण पहिला २० ला आणि दुसरा ३२ ला, असं झालं तर ०.००३ चा फरक पडतो आणि अल्कोहोल ०.४ टक्क्याने जास्त निघतं. आकड्याशेजारी तापमान न लिहिलेली नोंद म्हणूनच फारशी कामाची नाही.

उलट्या दिशेने सराव करायचा असेल आणि वय २१ पूर्ण असेल तर दुकानातली ५ टक्क्यांची बिअर वापरता येते. दोन ग्लासांत पुन्हा पुन्हा ओतून तिचा वायू पूर्ण घालवा. बुडबुडे हायड्रोमीटरला उचलून धरतात आणि आकडा फुगतो. समजा १.००८ आला. ५ भागिले १३१.२५ म्हणजे ०.०३८, तेव्हा मूळ काढा १.०४६ च्या आसपास होता. डब्यावर ५ टक्के छापलेलं नसतं तर नुसत्या १.००८ वरून काहीच कळलं नसतं.

अल्कोहोलपेक्षाही हायड्रोमीटरचा मोठा उपयोग बाटल्या भरण्याआधी होतो. फुगे यायचे थांबले म्हणजे आंबवण संपलं असं नव्हे. दोन-तीन दिवस अंतराने आकडा घ्या आणि तो हलत नसेल तरच संपलं म्हणा. १.०१० ला थांबणारी बिअर १.०१४ ला बाटलीत कोंडली, तर उरलेल्या साखरेतून बिअरच्या आकारमानाच्या साधारण दुप्पट वायू निघतो, आणि तोही फेसासाठी वेगळ्या घातलेल्या साखरेच्या वायूवर. बाटल्या फुटतात त्या अशाने.

नमुना काढताना भांडं आणि नळी जंतुरहित हवी, आणि मोजलेला नमुना परत पिंपात ओतायचा नाही. चाखा किंवा सिंकमध्ये टाका. उकळत्या काढ्यात हायड्रोमीटर कधीही बुडवू नका, काच तडकते. काम झालं की कोमट पाण्याने लगेच धुवा, चिकट थर वाळला तर त्याचंही वजन धरलं जातं. महिन्या-दोन महिन्यांनी साध्या पाण्यात तपासत राहा, कारण आतली कागदी पट्टी सरकू शकते. तापमानाची दुरुस्ती करूनही तो दर वेळी १.००२ दाखवत असेल तर फेकायची गरज नाही. ‘०.००२ वजा’ असं डबीवर मार्करने लिहून ठेवा. मात्र आकडा दर वेळी वेगळाच येत असेल तर पट्टी सुटलेली आहे, नवा आणा.