वेगळा डेक बांधताय? आधी या चुका टाळा

जळगावात दर रविवारी आम्ही आठ-दहा जण पोकेमॉनची कार्डं घेऊन बसतो. भुसावळहून दोघं येतात, कधी धुळ्याहून एखादा. दर दोन-तीन महिन्यांनी नवा कोणीतरी येतो आणि पहिल्याच दिवशी सांगतो, "भाऊ, सगळे खेळतात तो डेक मला नको. माझं काहीतरी वेगळंच पाहिजे." ऐकून मला मनापासून आनंद होतो, कारण मीही तसलेच डेक खेळतो. पण त्याचा डेक, म्हणजे खेळायला निवडलेली साठ कार्डं, टेबलावर पसरली की चुका त्याच त्या.

पहिली चूक म्हणजे कल्पना वेगळी आहे म्हणून सगळा डेकच वेगळा करून टाकणं. मग आवडलेलं प्रत्येक कार्ड एकेक घेतलं जातं. "हे चॅरिझार्डसाठी, हे गार्डेव्हॉर समोर आला तर." साठ कार्डांत एखादं कार्ड एकच असेल, तर सुरुवातीच्या सात कार्डांत ते येण्याची शक्यता साधारण १२ टक्के. तेच चार प्रती ठेवल्या तर ४० टक्के. शिवाय सहा कार्डं प्राइझ म्हणून पालथी बाजूला जातात (समोरच्याचा पोकेमॉन पाडला की त्यातलं एक उचलायचं, सहाही उचलली की जिंकलात), म्हणजे एकुलतं एक कार्ड दर दहा डावांत एकदा तिथं अडकणार. अशी पाच एकेकटी कार्डं ठेवलीत तर त्यातलं निदान एक प्राइझमध्ये असण्याची शक्यता ४२ टक्क्यांच्या आसपास जाते. मग डाव अर्ध्यावर आला की टेबलावरून आवाज येतो, "मनं कार्ड कोठे शे भो?" ते कुठं आहे, हे डेक बांधतानाच ठरलेलं असतं.

२०१५ची जागतिक स्पर्धा बोस्टनला झाली. ती जिंकणाऱ्या जेकब व्हॅन वॅगनरचा डेक मी नव्या मुलांना नेहमी दाखवतो. त्याचा ब्लास्टॉइज हा पोकेमॉन स्टेज-२, म्हणजे एरवी स्क्वर्टलपासून पायरी पायरीनं चढायचं. त्यानं तो जिनाच गाळला. 'आर्चीज एस इन द होल' हे सपोर्टर, म्हणजे मदतीचं कार्ड, हातातलं शेवटचं कार्ड असेल तरच खेळता येतं. ते खेळलं की डिस्कार्डमधला, म्हणजे टाकलेल्या कार्डांच्या ढिगातला, पाण्याचा पोकेमॉन थेट बेंचवर, म्हणजे राखीव जागेवर येतो आणि वर पाच कार्डं ओढायला मिळतात. पहिल्याच पाळीत हात रिकामा करायचा, ही कल्पना धाडसाचीच. पण बाकीचा डेक बघा. बॅटल कॉम्प्रेसर ब्लास्टॉइजला डिस्कार्डमध्ये टाकतो, अल्ट्रा बॉल हातातली दोन कार्डं कमी करतो, ॲक्रो बाइक आणि ट्रेनर्स मेल हवं ते शोधून देतात. एका वेड्या कल्पनेसाठी सगळी कार्डं शिस्तीत राबतात.

म्हणून मी आधी ४५ कार्डं ठरवतो, तीही अगदी साधी: ओढायची, शोधायची आणि एनर्जी, म्हणजे हल्ल्याला लागणारी. उरलेल्या पंधरात माझं वेगळेपण मावलं पाहिजे. मावत नसेल तर माझ्याकडे एक नाही, दोन कल्पना आहेत, आणि त्यातली एक काढायची असते. मग जमिनीवर बसून एकट्यानं वीस वेळा सात-सात कार्डं वाटतो. नव्या मुलांना हे कंटाळवाणं वाटतं. त्यांना लगेच डाव खेळायचा असतो, आणि तिसऱ्या हरण्यानंतर डेक मोडायचा असतो.

बेसिक पोकेमॉन, म्हणजे हातातून थेट मांडता येणारे, मोजा. आठच असतील तर साधारण ३५ टक्के वेळा पहिल्या हातात एकही येत नाही, बारा असतील तर १९ टक्के. मग हात परत वाटावा लागतो, त्याला मलिगन म्हणतात, आणि प्रत्येक मलिगनला समोरच्याला एक जादा कार्ड घेता येतं.

आता दुसरी चूक. ही मी स्वतः केली आणि तिची किंमत मोजली, म्हणून सविस्तर सांगतो. फक्त घरच्या टेबलावर डेक तपासणं.

माझा डेक ग्रेट टस्क या पोकेमॉनचा होता. त्याचा 'लँड कोलॅप्स' हल्ला समोरच्याच्या डेकमधलं वरचं एक कार्ड डिस्कार्ड करतो, आणि त्याच पाळीत 'एन्शंट' असा शिक्का असलेला सपोर्टर खेळलेला असेल तर आणखी तीन. समोरच्याला पाळीच्या सुरुवातीला कार्ड ओढता आलं नाही की तो हरला. प्राइझला हात न लावता जिंकायचं. जळगावात मी सलग सहा रविवार हरलो नाही. वांग्याच्या भरताच्या पार्टीत सगळे म्हणाले, पुण्याच्या स्पर्धेला जा.

रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गेलो. पहिल्याच फेरीतल्या मुलानं माझी दुसरी पाळी पाहिली आणि प्रोफेसर्स रिसर्च, म्हणजे हात टाकून नवी सात कार्डं ओढायचं कार्ड, खेळणंच थांबवलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सात कार्डांचा हात आणि सहा प्राइझ गेल्यावर डेकमध्ये उरतात ४७. मी चार काढतो, तो एक ओढतो, म्हणजे पाळीला पाच. जवळपास दहा पाळ्या लागणार. ग्रेट टस्क पडला की एकच प्राइझ जातं, म्हणजे त्याला सहा वेळा मारायचंय. तो सहाव्या हल्ल्याला जिंकणार आणि मी दहाव्याची वाट बघत बसणार. जळगावात माझे मित्र रिसर्चनं सात-सात कार्डं ओढून स्वतःचाच डेक संपवत होते. त्यांचा डेक त्यांनीच रिकामा केला होता, आणि मी ते माझ्या डेकचं बळ समजलो. चार फेऱ्यांत तीन हरलो.

परत आल्यावर समोरच्याची एनर्जी काढू शकणारे क्रशिंग हॅमर वाढवले, समोरच्याचा हल्ला लांबवणारी कार्डं घातली. पण खरा बदल सवयीत केला. आता प्रत्येक नव्या डेकचे निदान दहा डाव मी माझी यादी समोरच्यापुढे उघडी ठेवून खेळतो. त्याला सांगतो, मला हरवायलाच खेळ. दडवून ठेवल्यावरच जिंकणारा डेक स्पर्धेत दुसऱ्या डावापर्यंतही पुरत नाही, कारण तीनपैकी दोनच्या सामन्यात पहिल्या डावातच सगळं कळतं.

त्याच सामन्याला वेळ ५० मिनिटं असते. हळू जिंकणारा डेक घेत असाल तर घड्याळ लावूनच सराव करा. विजयाला तीन गुण, वेळ संपून बरोबरी झाली तर एकच.

एका हरण्यानंतर पाच कार्डं बदलू नका. एक बदला, पाच डाव खेळा. महागडं कार्ड विकत घेण्याआधी कागदाच्या चिठ्ठीवर त्याचं नाव लिहून ती चिठ्ठी स्लीव्हमध्ये, म्हणजे कार्डाच्या प्लास्टिक कव्हरात, घाला आणि घरी खेळून बघा. स्पर्धेत अर्थातच ते चालत नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचंही सांगायला हवं. चमकत्या कार्डाचा कागद कोरड्या हवेत आकसतो, वरचा फॉइलचा थर आकसत नाही, आणि कार्ड वाकतं. एप्रिल-मेमध्ये खिडकीजवळ ठेवलेला डेक पाठीमागूनसुद्धा ओळखता येतो आणि स्पर्धेत त्याला खुणेची कार्डं समजून दंड होतो. साधी प्रत असेल तर तीच वापरा, स्लीव्ह सगळ्या एकाच पाकिटातल्या घ्या.

पुढच्या रविवारी येताना साठ कार्डांची यादी हातानं लिहून आणा. ती टेबलावर उघडी ठेवूनच बसू.