जुन्या बँडची कॅसेट पुन्हा ऐकण्याजोगी केली

आमच्या बँडच्या तालमीची कॅसेट लावली तर झांजा गायब, गायकाचा आवाज गोधडीतून आल्यासारखा, आणि सगळंच वरच्या पट्टीत. टेपच गेली, असं मित्र म्हणाला. मला ते पटेना.

प्लेअरचं हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, थोडाच फरक पडला. खरी गोम हेडच्या कोनात होती. रेकॉर्डिंगच्या वेळचा कोन आणि वाजवतानाचा कोन जुळला नाही तर वरच्या फ्रिक्वेन्सी आधी मरतात. आवाज मोनो केला, म्हणजे डावा-उजवा एकत्र केला, आणि हेडशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवत गेलो. एका जागी झांजा लख्ख उघडल्या! काय आनंद झाला म्हणून सांगू. (स्क्रूची मूळ जागा आधी मार्करने खुणावून ठेवा.)

मग वेग. कॅसेट सेकंदाला 4.76 सेंमी सरकायला हवी. गाण्याआधी गिटारवाला तारा जुळवतो, तो तुकडा कामी आला. आम्ही ट्यूनिंग फोर्कवरच (ठरलेला एकच सूर देणारा धातूचा चिमटा) जुळवायचो, म्हणजे पाचवी तार 110 हर्ट्झ. ट्यूनर 116 दाखवत होता. कॅसेट संगणकावर घेऊन ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसती पट्टी न उतरवता वेगच सुमारे 5 टक्के कमी केला, त्यामुळे लयही जागेवर आली.

खरखर मुद्दाम राहू दिली. ती काढायला गेलं की झांजाही जातात. मूळ 24 बिट फाइल वेगळी ठेवली आणि दुरुस्त प्रत सगळ्यांना पाठवली.