वणव्यात गेलेलं घर पुन्हा बांधताना आधी ठिणग्यांची वाट अडवा

8 नोव्हेंबर 2018 च्या वणव्यात कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज हे गाव जवळजवळ सगळं बेचिराख झालं. 85 माणसं गेली. नंतरच्या फोटोंत कित्येक ठिकाणी घराची नुसती राख आणि शेजारी हिरवे पाइन उभे दिसतात. म्हणजे ज्वाळांची भिंत चालून आली नव्हती. वाऱ्यावर ठिणग्या आल्या, घरात शिरल्या, आणि मग एका घराने दुसरं घर पेटवलं. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसजवळ पॅलिसेड्स आणि अल्टाडीनात 16 हजारांहून जास्त इमारती गेल्या, तिथेही हेच दिसलं. तिकडे घर उभारणाऱ्यांनी, त्यांत मराठी कुटुंबंही असतील, नकाशा पक्का व्हायच्या आतच पुढच्या गोष्टी ठरवाव्यात.

1. विम्याचे कागद वाचा. नव्या बांधकाम नियमांमुळे वाढणाऱ्या खर्चासाठी पॉलिसीत अनेकदा वेगळी रक्कम असते. ती आहे का, किती आहे, हे लेखी विचारा.

2. छप्पर आणि वळचण. छप्पर 'क्लास ए', म्हणजे आगीला सगळ्यात जास्त टिकणाऱ्या दर्जाचंच घ्या. कौलांच्या कडेच्या फटी बुजवा, वळचण खालून बंद करून घ्या. पन्हळ धातूची, वर जाळी असलेली हवी.

3. हवेचे झरोके. माळ्याच्या आणि जोत्याखालच्या झरोक्यांतून ठिणगी आत गेली की घर आतून पेटतं, आणि ते बाहेरून कळतही नाही. ठिणगीरोधक म्हणून मान्यता मिळालेले झरोकेच बसवा. साधी जाळी असेल तर ती धातूची हवी, भोकं 3 मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत. कंत्राटदार 'नंतर बदलू' म्हणाला तरी ऐकू नका.

4. खिडक्या. दुहेरी काच, त्यातली निदान एक टेम्पर्ड, म्हणजे तापवून कडक केलेली. साधी काच उष्णतेने तडकते आणि ठिणग्यांना दार उघडं होतं.

5. भिंतीपासून पहिले पाच फूट. माझ्या मते सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात जास्त फायदा इथे होतो, आणि लोक इथेच हट्ट धरतात. या पट्ट्यात झुडूप नको, लाकडाचा भुसा नको, सरपणाची रास नको, काथ्याचं पायपुसणंसुद्धा नको. खडी, फरशी किंवा काँक्रीट टाका. लाकडी कुंपण घराला भिडत असेल तर ते वातीसारखं आग थेट भिंतीपर्यंत आणतं. शेवटचा पाच फुटांचा तुकडा आणि फाटक धातूचं करा. खिडकीखालची आवडती वेल जाणार याचं वाईट वाटतंच, पण ती दहा फुटांवर लावता येते.

6. शेजाऱ्यांशी बोला. घरं दाटीने असतील तर त्यांचं लाकडी शेड तुमच्या भिंतीला पेटवू शकतं. तुमच्या कुंपणाचा धोका त्यांनाही तितकाच.

7. पावत्या आणि फोटो जपा. कॅलिफोर्नियात 2022 च्या नियमानुसार अशा कामांसाठी विमा कंपन्यांना हप्त्यात सवलत द्यावी लागते. ती मागून घ्या.

कोरड्या वाऱ्यांचे दिवस सुरू होण्याआधी दरवर्षी पन्हळीतला पालापाचोळा काढा आणि झरोक्यांच्या जाळ्या साफ करा.