ध्यानाला बसताना या चुका टाळा

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी त्रिसरण-पंचशील झालं की थोडा वेळ आनापानसतीला, म्हणजे येत्या-जात्या श्वासाकडे लक्ष ठेवायच्या ध्यानाला, बसतात. नंतर चटया गुंडाळताना बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच असतं: "मन रिकामं होतच नाही." अहो, ते रिकामं करायला सांगितलंय कुणी? सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या उपदेशात, एवढंच आहे की श्वास लांब असेल तर लांब आहे हे जाणायचं, आखूड असेल तर आखूड. मुद्दाम खोल श्वास ओढणं, रोखून धरणं ही आनापानसती नव्हे. विचार आला, लक्षात आलं, पुन्हा श्वासाकडे वळलात, की साधना चालूच आहे. शंभर वेळा वळावं लागलं तरी बिघडत नाही.

झोपेबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण त्यापायी बायका लाजून यायच्याच थांबतात. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला संध्याकाळी डोळे मिटल्यावर डुलकी येणारच. मोग्गल्लान तर बुद्धांच्या दोन अग्रश्रावकांपैकी, म्हणजे प्रमुख शिष्यांपैकी, एक, तेही पेंगत होते. बुद्धांनी त्यांना एकामागून एक उपाय सांगितले: ऐकलेला धम्म आठव, तो मोठ्याने म्हण, कानाच्या पाळ्या ओढ, अंग चोळ, उठून डोळ्यांना पाणी लाव, चांदण्यांकडे बघ, मनात उजेड आण, चालत राहा. इतक्यानंही झोप गेली नाही, तर उजव्या कुशीवर सरळ आडवा हो. एवढी माया आहे त्या उपदेशात! मग आपण स्वतःवर कशाला चिडायचं?

गुडघे दुखत असतील तर मांडीचा हट्ट सोडा. वेरूळच्या दहा नंबरच्या लेण्यात स्तूपासमोरची बुद्धमूर्ती बघा, पाय खाली सोडून बसलेली आहे. तुम्ही खुर्चीवर बसलात म्हणून ध्यानात काही उणं येत नाही. दहा दिवसांच्या शिबिरातून परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात रोज दोन-दोन तास ओढून बसणारेही पाहिलेत, महिन्याभरात आसन माळ्यावर जातं. सोण भिक्खूंचं असंच अतिश्रमाने झालं होतं. त्यांना बुद्धांनी वीणेची आठवण करून दिली: तार फार ताणली तरी नीट वाजत नाही, सैल सोडली तरी नाही. रोज वीस मिनिटं बसा, पण रोज.

याहून मोठी चूक म्हणजे ध्यान शीलापासून तोडणं. सकाळी डोळे मिटायचे आणि रात्री पिऊन घरात आरडाओरडा करायचा, असं चालत नाही. पश्चात्तापाची तळमळ हे पाच नीवरणांपैकी, म्हणजे ध्यानातल्या अडथळ्यांपैकी, एकात मोडतं, ते मन ठरूच देत नाही.

आणि "ध्यान हे भिक्खूंचं काम, आपलं काम चळवळीचं" असं म्हणणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये अष्टांगिक मार्गाने चालण्याची प्रतिज्ञा आहे. सम्यक वाणी आणि सम्यक आजीविका त्याच मार्गात आहेत, तशी सम्यक स्मृती आणि सम्यक समाधीही आहे. चळवळीतल्या माणसाला तर राग ओळखता यायलाच हवा.

बसल्यावर जुनं दुःख उफाळून आलं, घरातलं कुणी गेल्याची आठवण छातीत दाटली, तर एकट्याने रेटू नका. डोळे उघडा, चार पावलं चाला, भन्तेजींशी किंवा जाणत्या उपासिकेशी बोला. मनाच्या आजारावर गोळ्या चालू असतील तर त्या ध्यानाच्या भरवशावर बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.