आधी ऊब, मग दूध : कुत्र्याच्या पिल्लांच्या बाबतीत या चुका टाळा

थंडी पडली की माझा फोन रात्री-अपरात्री वाजायला लागतो. कुणाला तरी जिन्याखाली पिल्लं सापडलेली असतात आणि पहिला प्रश्न ठरलेला : "काका, दूध कुठलं पाजू?" अरे बाबा, आधी हात लावून बघ. गार आहे का?

पहिले दोन आठवडे पिल्लाला स्वतःची ऊब धरता येत नाही, धड कुडकुडताही येत नाही. गार पडलं की त्याचं पचन थांबतं आणि पाजलेलं दूध पोटात तसंच राहतं. ही अक्कल मला फुकट आलेली नाही. नाशिकच्या डिसेंबरात आमची चंपी व्याली, सहा पिल्लं. चौथ्या दिवशी पहाटे एक पिल्लू भिंतीकडे सरकलेलं, ओल्या फडक्यासारखं गार. मी घाईघाईने दूध कोमट केलं, तान्ह्या बाळासारखं त्याला मांडीवर उताणं घेतलं आणि ड्रॉपरने पाजलं. दोन चुका एकदम. दूध नाकातून आलं, छाती घरघरायला लागली, दुपारी गेलं. डॉक्टर म्हणाले, दूध फुप्फुसात गेलं; नसतं गेलं तरी पचलं नसतं.

तेव्हापासून गारठलेलं पिल्लू आधी माझ्या बनियनच्या आत, पोटाशी. तास गेला तर जाऊ दे. तोंडात करंगळी घातल्यावर आतून उबदार लागलं आणि ते चोखायला लागलं, तरच बाटली. तीही पिल्लाला पालथं ठेवून, आईला पितं तसं. खोक्यात गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एकाच बाजूला ठेवतो, म्हणजे उकडलं तर ते लांब सरकतं. पहिल्या आठवड्यात आत 29 ते 32 अंश हवेत. हेअर ड्रायरने पिल्लू गरम करणाऱ्यांना मी हात जोडतो, तसं करू नका.

आता दूध. कुत्रीचं दूध गाईच्या दुधाच्या साधारण दुप्पट कसदार असतं. गाईच्या दुधाने पिल्लांना जुलाब होतात, म्हणून लोक त्यात पाणी घालतात, म्हणजे होता तो कसही गेला. पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, ती आणा. आई नसेल तर प्रत्येक पाजण्यानंतर ओल्या कोमट बोळ्याने खालून पुसा. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लू स्वतःहून शी-शू करत नाही. हे कुणी सांगत नाही आणि पिल्लं फुगून मरतात.

"गुटगुटीत दिसतंय" हे माप नव्हे. स्वयंपाकघरातला काटा घ्या, रोज एकाच वेळी वजन करा. मी कॅलेंडरवर लिहितो, बायको ओरडते. दहाएक दिवसांत जन्माचं वजन दुप्पट व्हायला हवं. एक दिवस घटलं तरी डॉक्टर.

डोळे 10 ते 14 दिवसांनी उघडतात, बोटांनी उघडू नका. अंघोळ नको. गोचिडाची पावडर तर मुळीच नको, चिमट्याने काढा. जंताचं औषध दोन आठवड्यांपासून, डॉक्टरांनी वजन बघून दिलेलं. दूध पाजणारी आई थरथरायला, धापा टाकायला लागली तर सकाळची वाट बघू नका, कॅल्शियम उतरलेलं असू शकतं.

आणि महिन्याचं पिल्लू मागायला येणारे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांच्या 2017 च्या सरकारी नियमांनीच बंदी आहे, फुकट द्यायचं असलं तरी मी देत नाही. किती जोरात चावलं की दुखतं, हे ते भावंडांकडूनच शिकतं. गेल्या वर्षी एकाने हट्टाने पाचव्या आठवड्यात दुसरीकडून नेलं. आता विचारतो, "काका, हे सारखं चावतंय, काय करू?"